मालकांगोणीचा उतार

मालकांगोणी ही वेल मला कधीच आवडली नाही. किनवटच्या जंगलात ती सागाला नाहीतर धावड्याला विळखे घालत वर चढते, शेंडा गाठते आणि मग ज्याच्या अंगावरून चढली त्याचंच ऊन अडवून बसते. स्वतःच्या खोडात उभं राहायचा दम नाही, आणि मिजास मात्र राणीची. पावसाळा सरला की तिला पिवळ्या फळांचे घोस लागतात, फळ तडकतं, आत तांबड्या गरात गुंडाळलेलं बी दिसतं. लोक म्हणतात, काय देखणं! म्हणू देत बापडे. ज्यांना ते बी पोत्यानं निवडावं लागलं नाही त्यांनाच ते देखणं वाटतं.

आम्हाला निवडावं लागलं. आम्ही नांदेडचे अत्तार. आमच्या दुकानात हकिमाची चिठ्ठी चालायची, वैद्याचीही चालायची, आणि चिठ्ठी नसली तर अब्बा गिऱ्हाइकाची जीभ बघून पुडी बांधायचे. ते दुकानात बसायचे आणि घरात आम्ही बाया निवडायचो, पाखडायचो, कुटायचो. मालकांगोणीचा गर बोटांना चिकटला की साबणाला दाद देत नाही. आणि तिचं तेल! घाण्यावरून डबा घरात आला की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. तांबूस, दाट, कडू, आणि जिभेवर थेंब पडला तर घशापर्यंत आग. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. मी त्या पोरींना दोष देत नाही, मीसुद्धा बसले नसते.

अब्बा ते तेल गुडघ्यांसाठी विकायचे. डोक्यासाठी, म्हणजे स्मरणशक्तीसाठी, मागणारा एखादाच यायचा, एखादा म्हातारा वकील, नाहीतर कुराण पाठ करणाऱ्या पोराचा बाप. त्याला अब्बा तेल द्यायचेच नाहीत, बी द्यायचे, आणि बी देण्याआधी अर्धा तास डोकं खायचे. पहिल्या दिवशी एक बी. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी तीन. असं चढवत जायचं, अंगात गरमी जाणवली की थांबायचं, आणि जसं चढलात तसंच रोज एकेक बी कमी करत खाली यायचं. याला ते चढ-उतार म्हणायचे. जेवढा चढ तेवढाच उतार. उतार घेणार नसशील तर फुटाणे खा, म्हणायचे, आणि पुडी परत गल्ल्यामागं ठेवून द्यायचे. अब्बांच्या सगळ्याच गोष्टींवर माझा विश्वास होता असं नाही, पण या बाबतीत तो माणूस सरळ होता.

घरात आम्ही दखनी बोलतो. पण माझा जन्म जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत खडू झिजवण्यात गेला, तेव्हा जे सांगायचं ते मराठीतच सांगते.

आता माझा मोठा भाऊ. त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं तर तो दिसायला चांगला होता. पुढचं मला काही सुचत नाही. अब्बांच्या हाताखाली वाढला आणि त्यातलं बोलणं तेवढं उचललं, तोलणं नाही. गिऱ्हाईक आलं की असा बोलायचा की माणूस खोकल्याचं औषध घ्यायला यायचा आणि केसांचं तेल घेऊन जायचा. खोकला घरी घेऊन जायचा तो वेगळाच. अब्बा नुसते बघायचे आणि मान हलवायचे. ती मान कौतुकानं हलतीय असं भाईला आयुष्यभर वाटत राहिलं.

भाबी औशाकडच्या एका खेड्यातली. साधी, अबोल, भाईच्या बडबडीपुढं तिला दुसरा काही पर्यायही नव्हता. त्यांना एक पोरगी. पाच वर्षांची असताना तिचा मामू तिला आजोळी घेऊन गेला. मामूचं नवीनच लग्न झालेलं. मामी कोवळ्या वयाची, हसरी, आणि पोरीला तिचा एवढा लळा की ती रात्री मामीच्याच कुशीत झोपायची. त्याच आठवड्यात पहाटे भूकंप झाला.

नांदेडला आमच्याकडं नुसती भांडी वाजली. आम्ही मांजर असेल म्हणून पुन्हा आडवे झालो. दिवस उजाडल्यावर रेडिओनं सांगितलं आणि भाबीनं जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानात आहे. मामू शेतावर झोपायला गेलेला म्हणून वाचला. घर दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे मातीचं ओझंच. ते सगळं आत बसलं. दुपारी लोकांनी उकरून पोरगी जिवंत काढली. मामी तिच्या अंगावर ओणवी होती, ती गेली.

पोरीला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. फक्त ती बोलेना. डॉक्टर म्हणाले गळा ठीक आहे, जीभ ठीक आहे, धक्का बसलाय, वेळ द्या. वेळ! आमच्या घरात सगळं होतं, वेळ कुणाकडं होता? आणि आसपास हुशार लोकांची तर झुंबड उडालेली. भाई-भाबी पोरीला घेऊन आजोळच्याच गावी पत्र्याच्या शेडमध्ये राहिले होते; त्या शेडपुढं गाड्या थांबायच्या, मदतीचे कोट आणि पॅन्ट उतरायचे, कुणी शहाण्यानं बोचक्यात लग्नातल्या जरीच्या टोप्या पाठवलेल्या. येणारा प्रत्येक जण पोरीसमोर बसायचा आणि म्हणायचा, बोल बाळा, बोल. मामू म्हणे बोल, शेजारी म्हणे बोल, पेपरवाला फोटो काढता काढता म्हणे बोल. भाई तर सकाळ-संध्याकाळ तिच्या पुढ्यात बसून बोल बेटा, बोल बेटा, पोपटाला शिकवतात तसं. पोरगी सगळ्यांकडं बघायची आणि ओठ आणखी घट्ट मिटायची.

मग दर्गा झाला, ताविज झाला, आणि शेवटी भाईला दुकानातली मालकांगोणी आठवली. बुद्धी उघडते तर जीभ का उघडणार नाही, हा त्याचा हिशोब. बत्ताशावर तेलाचा थेंब टाकायचा आणि पोरीच्या तोंडात ठेवायचा. अब्बा म्हणाले, एवढ्याशा जिवाला एवढं गरम देऊ नको. भाई हाव, म्हणजे हो, म्हणाला आणि देत राहिला.

तेव्हा मी बिलोलीला होते, एका खोलीत एकटी राहायचे. भाबी पार खचलेली, म्हणून पोरगी काही महिने माझ्याकडं आली. सोबत बत्ताशांचा डबा आणि तेलाची बाटली. मी पहिल्याच दिवशी बघितलं. पोरगी बत्तासा गालात धरते, माझी पाठ फिरली की अंगणात जाते आणि घरमालकाच्या शेळीला खाऊ घालते. मी निमूटपणे रोज एक बत्तासा देत राहिले. शेळीनं काही तक्रार केली नाही.

एक दिवस ती शेळी बत्तासा खाऊन पोरीच्या हातातली भाकरीही ओढायला लागली, आणि पोरगी खच्चून ओरडली, "हट!"

मी दारातच होते. पोरीनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि आभाळाकडं, मग माझ्याकडं बघितलं, जसं काही तिनं काच फोडली होती. मी तिला जवळ घेतलं, बरीच रडले. दुसऱ्या दिवशी ती दोन शब्द बोलली, आठवड्यात दहा, आणि मग सावकाश सगळं.

ही सगळी हकिकत, शेळीसकट, मी भाईला नांदेडला जाऊन सांगितली. दुसरा माणूस लाजला असता. भाई म्हणाला, बघ, नुसता तेलाचा वास लागला तर पोरगी बोलली, पोटात गेलं असतं तर भाषण दिलं असतं. मी म्हटलं, मग शेळीला बोर्डाच्या परीक्षेला बसव. तो हसला. तो कशानंच चिडायचा नाही, एवढीच त्याची ताकद होती.

पुढं अब्बा गेले. भाईनं नांदेडचं दुकान चुलत भावाच्या गळ्यात मारलं आणि लातूरला गेला, कारण तोवर लातूरला वेगळंच पीक आलं होतं. भूकंपानं घरं पाडली आणि त्यानंतर क्लासवाल्यांनी अशी काही बांधली की विचारू नका. एका गल्लीत चार क्लास, चार मेस, चार झेरॉक्स, आणि प्रत्येक भिंतीवर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. फोटोत एकही पोरगं हसत नव्हतं. जळकोटहून, देगलूरहून, नायगावहून आईबाप येऊन पोरांना खोल्यांमध्ये कोंबायचे. काही आया तर चूल-मूल गावाकडं सोडून इथं एका खोलीत पोराच्या उशाशी बसून राहायच्या. पोरगं रसायनशास्त्र पाठ करायचं आणि आई त्याच्या तोंडाकडं बघायची, दूध उतू जातंय का बघतात तशी. मी मास्तरीण. शिक्षणाचा मला राग नाही. पण हे शिक्षण नव्हतं, हे उसाचं गुऱ्हाळ होतं, फक्त चरकात ऊस नव्हता.

भाईनं बरोबर त्या गल्लीच्या तोंडाला दुकान टाकलं. अब्बांच्या काळात जे तेल गुडघ्याला लागायचं ते त्यानं उचलून डोक्यात नेलं. बाटली छोटी केली, बूच सोनेरी केलं, बी काचेच्या बरणीत भरलं. आणि दुकानाच्या दर्शनी भिंतीवर पोरीचा फोटो लावला. खाली लिहिलं होतं, भूकंपात मुकी झालेली ही मुलगी आज बारावी सायन्सला आहे. पुढं बाण काढलेला, बाणाच्या टोकाला बरणी.

किती जाड कातडी असावी माणसाची!

पोरगी हुशार होती, हे मी फुफू, म्हणजे आत्या, म्हणून नाही, मास्तरीण म्हणून सांगते. लहानपणी एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. ती हुशारी तिची होती, पण तिचं श्रेय बरणीला. क्लास सुटला की भाई तिला दुकानात स्टुलावर बसवायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, बेटा, सांग जरा, तू किती महिने बोलत नव्हतीस? पोरगी खाली मान घालून सांगायची. मग एखादा बाप तिला सूत्रं विचारायचा. तीही ती सांगायची. मग बाप खिशात हात घालायचा. जत्रेतल्या पोपटाला निदान त्या बदल्यात मिरची मिळते.

तिला काय हवं होतं ते तिनं मला कितीदा सांगितलं. डॉक्टर व्हायला तिची ना नव्हती, अभ्यासाची ना नव्हती. "फुफू, मला फक्त त्या स्टुलावरून उठव," एवढंच. मी दर खेपेला भाईशी भांडले. तो दर खेपेला म्हणाला की पोरीमुळंच दुकान चालतं आणि दुकानामुळंच पोरीची फी चालते, तू मधे पडू नको. भाबी पडद्याआडून ऐकायची आणि चहा टाकायची. त्या घरात कुठलीही गोष्ट चहापर्यंतच जायची.

आता चढ-उतार ऐका. गल्लीतले आईबाप बी न्यायला लागले. भाईनं त्यांना चढ शिकवला, पहिल्या दिवशी एक, मग दोन, मग तीन. ते त्यांना लगेच समजलं, वाढवायचं म्हटलं की त्या गल्लीत कुणालाही समजायचं. त्यांनी परीक्षेच्या तारखेपासून उलटं मोजलं आणि बरोबर परीक्षेच्या सकाळी सगळ्यात जास्त बी पोटात जाईल असा बेत बसवला. उताराचं काय, असं मी भाईला विचारलं तर तो हसला. "लातुरात उतार कोण घेतंय? कमी करा म्हटलं तर गिऱ्हाईक तोंडावर पुडी फेकून जाईल." आणि तेही खरंच. कुठल्या आईला सांगणार, की परीक्षा तोंडावर आलीय आणि पोराचं बी रोज एकेक कमी कर? तिला वाटायचं की पोराचे मार्कच एकेक कमी होतायत. पी हळद आणि हो गोरी, अशी सगळी अक्कल. अब्बांचा अर्धा नियम भाईनं ठेवला आणि अर्धा गाडला, आणि घेणाऱ्यांना तो अर्धाच हवा होता.

त्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा ऐन वेळी पुढं गेली. कशामुळं ते सोडा. नवी तारीखही लगेच जाहीर होईना. दुसरीकडं असतं तर लोकांनी सरकारला शिव्या घातल्या असत्या. आमच्या गल्लीत पहिला प्रश्न आला तो बियांचा. परीक्षेच्या दिवसापर्यंत वाढवायचं ठरलं होतं, आता परीक्षाच नाही, मग वाढवत राहायचं का आहे तिथंच थांबायचं? मेसमध्ये हाच विषय, झेरॉक्सच्या रांगेत हाच विषय. इकडं पोरांची तोंडं आलेली, डोळे लाल, तळपायांची आग. दोघं-तिघं तर उलट्या करून राहिले होते. आईबाप म्हणायचे, अभ्यासाची गरमी हाय.

मी सुट्टीत लातूरला पोचले ते नेमकी याच दिवसांत. पोरीनं दार उघडलं. ओठ सोललेले, गाल बसलेले. अंगाला हात लावला तर तापल्या तव्यासारखी. तिचंही बी चालूच होतं. का? कारण गिऱ्हाईक विचारायचं, तुमची पोरगी आज कितीवर आहे? दुकानदाराची पोरगी थांबली तर कोण वाढवणार? झोप म्हणाल तर तिला डोळा लागायचा नाही, आणि लागला तरी दचकून उठायची. हे सगळं तिनं मला अगदी कमी शब्दांत सांगितलं. ती पुन्हा कमी बोलायला लागली होती, ते माझ्या लक्षात आलं आणि मला भीती वाटली.

मी भाईला धरलं. म्हटलं, ही पोरगी तुझी आहे का बरणी तुझी आहे, एकदा ठरव. तो म्हणाला, रविवारी गल्लीतले सगळे पालक येऊन राहिलेत, त्यांना नुसतं समजावून सांगायचंय. कसं समजावणार? तर पोरीनं उभं राहून सांगायचं की मी वाढवत चाललेय आणि मला काही त्रास नाही. तेवढं झालं की बघू. "आणि तिनं नाही सांगितलं तर?" मी विचारलं. तो म्हणाला, आजवर कधी नाही म्हटलंय का? हे मात्र त्यानं अभिमानानं सांगितलं. म्हणजे रविवारी पोरगी हाव म्हणाली की तिचंही बी वाढणार आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराचंही.

शनिवारी मी पोरीला म्हटलं, माझ्याबरोबर चल, आत्ता बसमध्ये बसू. ती नको म्हणाली. फुफू, मी गेले तर अब्बा माझा फोटो दाखवून सांगतील की पोरगी अजून वाढवतेय, असं म्हणाली. तिला बापाची माझ्यापेक्षा चांगली ओळख होती.

रविवारी दुपारी दुकानापुढं ही गर्दी. आया पदर डोक्यावर घेऊन उभ्या, बाप इस्त्रीचे शर्ट घालून. एक नायगावचे गृहस्थ सगळ्यांत पुढं, ते स्वतः शाळामास्तर, आणि हे मला माझ्या जातीचं, म्हणजे मास्तरांच्या जातीचं, फार लागलं. त्यांनी वहीत उभे-आडवे रकाने आखून आणले होते, बियांचे. भाईनं आधी आपलं भाषण केलं, त्यात भूकंप होता, अब्बा होते, किनवटचं जंगल होतं, ऋषिमुनी होते, हकीमही होते. कुणाच्या पदरात कमी पडू नये. मग म्हणाला, आता माझ्या लेकीच्याच तोंडून ऐका.

पोरगी स्टुलापाशी उभी राहिली. बसली नाही.

भाई म्हणाला, सांग बेटा. ती गप्प. भाई हसला, म्हणाला, लोकं बघून लाजली. पुन्हा म्हणाला, सांग, तुझं बी चालू हाय की न्हाई? ती गप्प. ओठ मिटलेले, नजर समोर. गर्दीत चुळबूळ सुरू झाली. एका आईनं हातातली बाटली हळूच फळीवर परत ठेवली. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, ही पोरगी मुकी हाय का?

तो शब्द भाईच्या कानावर पडला आणि त्याचा चेहरा पालटला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला खरा घाबरलेला बघितला. गिऱ्हाइकं विसरला, फळी ओलांडून तिच्यापुढं आला, तिचे दोन्ही दंड धरले आणि म्हणायला लागला, "बोल बेटा. बोल ना. बेटा, बोल." तोच आवाज, शेडमधला. पडद्याआडून भाबी बाहेर आली, ती कधी दुकानात येत नसे.

मग पोरगी बोलली. ओरडून नाही, रडत नाही, वर्गात उत्तर देतात तशी. सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतच बोलली.

"मी मुकी नव्हते. मामी माझ्या अंगावर होती. ती म्हणाली, तोंड उघडू नको, माती जाईल, मी सांगेन तेव्हा उघड. मी मिटून ठेवलं. ती बराच वेळ हूं हूं करत होती, मग गप्प झाली. बाहेर काढल्यावर सगळे बोल बोल म्हणत होते. पण तिनं सांगितलं नव्हतं. मी वाट बघत होते."

भाबी मटकन खाली बसली. मामी तिची भावजय, तिनंच पसंत करून आणलेली. बारा वर्षं त्या पोरीला दवा देणारे शंभर भेटले होते, काय झालं म्हणून विचारणारा एकही नाही.

आणि मग नायगावचे ते गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, ते वाईटच झालं म्हणा, पण आमच्या पोराचं बी आता उद्यापासून किती करायचं?

खरं सांगते, मी पायातली काढणारच होते. पण त्याआधी भाई बोलला. तो अजून पोरीचे दंड धरूनच उभा होता, वळलाही नाही.

"उतरवा," तो म्हणाला. "रोज एक कमी करा. शून्यापर्यंत."

गृहस्थांनी वहीकडं बघितलं, भाईकडं बघितलं, वही पिशवीत घातली आणि गल्लीत पुढं एक दुसरं दुकान होतं तिकडं निघाले. त्यांच्यामागं बरेच गेले. भाईनं त्यांना हाक मारली नाही. त्यानं पोरीचे दंड सोडले, तोंड उघडलं, आणि सवयीनं बोल म्हणणार एवढ्यात थांबला. मग तिच्यापुढं तसाच उभा राहिला, हात खाली सोडून, तिला आणखी काही सांगायचं असेल तर ऐकायला.